चौपन्न नंबरची जर्सी

अमेरिकन फुटबॉल खेळून नाव काढणारा कोपरच्या चाळीतला पहिला माणूस म्हणजे रत्नदीप शेजवळ. नाव कुणाचं काढलं, ते पुढे कळेलच.

त्याचं झालं असं, की शीळफाट्याचा एक बिल्डर अमेरिकेला मुलीकडे गेलेला, तो येताना बदाम-पिस्त्यांसोबत हा खेळ पण घेऊन आला. हौसेने सहा संघांची लीग काढली. स्वतःच्या संघाचं नाव ठेवलं शीळफाटा शार्क्स. तिथला ट्रॅफिक बघता एकही शार्क वेळेवर पोचला नसता, पण लोगो छापून झालेला. मैदान म्हणजे टॉवरसाठी सपाट केलेला प्लॉट. परवानगी येईपर्यंत रिकामाच पडलेला. गोलपोस्ट परांचीच्या पाइपांचे. मॅच नसेल तेव्हा तिथे लग्नं लागायची, त्यामुळे कधीकधी टॅकल करून उठलेल्या खेळाडूच्या हेल्मेटच्या जाळीत झेंडूची फुलं अडकलेली असायची.

कोच होते कोपरीचे सिल्वेस्टर सर. वीस वर्षं जहाजावर कुक. मेसमधल्या टीव्हीवर कांदा चिरता चिरता त्यांनी हा खेळ पाठ केलेला. रत्नदीपला त्यांनी डोंबिवलीत एका कबड्डीच्या सामन्यात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ घरी येऊन म्हणाले, "मला हा लाइनबॅकर पाहिजे."

लाइनबॅकर म्हणजे पुढच्या जाड्या माणसांच्या रांगेमागे उभा राहणारा. बॉल घेऊन कुणी घुसला तर त्याला पाडायचं, बॉल वरून आला तर अडवायचा. थोडक्यात, पोलीस चौकीतला हवालदार. सगळ्याला तोच.

पण रत्नदीपचे वडील रामा शेजवळ म्हणजे त्यांच्या काळातले कबड्डीतले कोपरा रक्षक. महापालिकेत व्हॉल्व्हमन म्हणून पस्तीस वर्षं लोकांचं पाणी सोडलं आणि संध्याकाळी लोकांचे घोटे धरले. पोराला घोट्याची पकड त्यांनीच शिकवलेली, चाळीसमोरच्या मातीत, तो सात वर्षांचा असल्यापासून. आणि पोरगा जिल्ह्याच्या निवड शिबिराच्या दोन दिवस आधी शार्क्समध्ये गेला.

त्या दिवसापासून रामाने त्याच्याशी बोलणं सोडलं. खोली दहा बाय बाराची, आत माणसं तीन. सगळा कारभार रत्नदीपच्या बहिणीमार्फत, रचनामार्फत चालायचा.

"रचना, त्याला सांग, टॉवेल माझा आहे."

"दादा, टॉवेल पप्पांचा आहे."

"पप्पांना सांग, ओला होता म्हणून वाळत घालतोय."

"पप्पा, वाळत घालतोय. आणि मी पगार मागणार आहे आता दोघांकडून."

चार वर्षं. या चार वर्षांत रत्नदीप लाइनबॅकर म्हणून खेळला, शिवाय पळाला, झेलला, किक मारली, एकदा मॅच ऐन रंगात असताना रेफ्री चक्कर येऊन पडला तर अर्धा तास शिट्टी पण वाजवली. "रत्नदीप म्हणजे बटाटा आहे," सर म्हणायचे. "कशातही घाला." रत्नदीपला ते ऐकून बरं वाटायचं. मटणाच्या रश्श्यात बटाटा घातला तरी रश्श्याला नाव मटणाचंच राहतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

कारण या खेळात नंबरावरून जागा ठरते. लाइनबॅकरला पन्नाशीतला नंबर, बॉल झेलणाऱ्याला ऐंशीतला. जागा बदलली की जर्सी बदला. रत्नदीपची स्वतःची जर्सी चौपन्न नंबरची, पण एकेका मॅचमध्ये तो तीन-तीन जर्स्या घालायचा आणि प्रत्येकीच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. लीगच्या कागदात त्याचे निम्मे टॅकल इतरांच्या नावावर पडलेले. त्याचं त्याला फार नव्हतं. त्याला एकच पाहिजे होतं. पप्पांनी एकदा येऊन बघावं आणि म्हणावं, बरं धरलंस.

यंदा फायनलला शार्क्स पोचले तेव्हा रचनाने रामाला गाठलं. "पप्पा, ती कबड्डीच आहे ओ. फक्त हेल्मेट घातलेली."

रविवारी दुपारी रामा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. "त्याला विचार, नंबर कुठला."

रचनाने पप्पांच्या खिशात चिठ्ठी घातली. चौपन्न.

मैदानात लग्नाच्याच खुर्च्या होत्या, पाठीला गुलाबी रिबीन बांधलेल्या. रत्नदीपने हेल्मेटच्या जाळीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत पप्पा, मांडीवर चिठ्ठी धरून, शेजारी रचना. पाठीवरचा चौपन्न नीट दिसावा म्हणून त्याने जर्सी खाली ओढली.

पहिल्या अर्ध्यात काही खास घडलं नाही. मग शार्क्सच्या झेलणाऱ्याच्या पोटरीत गोळा आला. बाकावर माणसं कमी, कारण संघातले चार सख्खे भाऊ मावसबहिणीच्या हळदीला गेलेले.

"रत्नदीप, अठ्ठ्याऐंशी घाल," सर म्हणाले.

"सर, आज नको. आज पप्पा आलेत."

"अरे, मग त्यांना दाखव ना तू काय काय करतोस."

त्याने चौपन्न काढली. ती सरांनी बंटीला दिली. बंटी हा बिल्डरच्या मेव्हण्याचा मुलगा, चार वर्षं बाकावर बसून वडापाव खाणारा. त्याची स्वतःची जर्सी इस्त्रीवाल्याने जाळलेली.

नव्या चौपन्नच्या पायाशी दुसऱ्याच मिनिटाला सुटलेला बॉल येऊन थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच बॉल मिळाला म्हटल्यावर बंटीने तो छातीशी धरला आणि जो सुटला, तो थेट स्वतःच्याच गोलकडे. मागून अख्खा संघ ओरडतोय, त्याला वाटलं कौतुक करतायत. शेवटी परांचीच्या पाइपला डाव्या खांद्याने धडकून पडला, आणि समोरच्या संघाला फुकटचे दोन गुण मिळाले. मैदान पोट धरून हसलं. बाजूच्या शेवपुरीवाल्याने पुऱ्या सांडल्या.

शेवटची दोन मिनिटं. शार्क्स एका गुणाने पुढे. अशा वेळी बॉल धरून गप्प बसायचं असतं, पण कांदा चिरताना सरांचा बहुतेक तेवढाच भाग बघायचा राहिलेला. "फेका," सर म्हणाले. फेकलेला बॉल समोरच्या पोराने मधल्यामध्ये पकडला आणि तो मोकळ्या मैदानात सुसाट सुटला. मागे फक्त अठ्ठ्याऐंशी नंबर.

रत्नदीपने हे अंतर लहानपणापासून मोजलेलं. दोन पावलं, एक श्वास, मग जमिनीलगत सूर. दोन्ही हात घोट्यात. बोटं एकमेकांत अशी अडकलेली, की वरून ट्रक गेला असता तरी सुटली नसती. तो पोरगा पडला, रत्नदीपच्या उजव्या गुडघ्यावर. आत काहीतरी ओली फांदी मोडल्यासारखं झालं.

शिट्टी वाजली. शार्क्स जिंकले. रत्नदीपने पडल्या पडल्या मान वळवून तिसरी रांग शोधली. दोन खुर्च्या रिकाम्या. त्याला वाटलं, पप्पा खाली भेटायला येतायत. तो वाट बघत तसाच पडून राहिला. डॉक्टर येऊन म्हणाला, लिगामेंट गेलंय, खेळ आता विसरा. तेव्हाही तो डॉक्टरच्या खांद्यावरून पलीकडेच बघत होता.

संध्याकाळी चौघांनी त्याला रिक्षातून आणून खाटेवर ठेवला. गुडघा कलिंगडाएवढा, त्यावर चादर. रामाने कुणाला काही बोलू न देता त्या चौघांना बाहेर घालवलं, वाटीत तेल गरम केलं आणि खाटेच्या कडेला बसला.

"डावा खांदा दे," रामा म्हणाला.

चार वर्षांनी आलेला आवाज. रत्नदीपने खांदा दिला. खांद्याला काही झालेलं नव्हतं.

"बघितलं मी," रामा तेल चोळत म्हणाला. "पाइपला आपटलास ते. मला बघवेना, म्हणून उठलो. राग नको धरू."

रत्नदीपला तेव्हा समजलं. तो मीच नव्हतो, एवढे तीन शब्द. त्याने तोंड उघडलं.

"होतं रे असं," रामाचा अंगठा खांद्यावर थांबला. "एकोणनव्वदची फायनल, कल्याणला. मी आपल्याच गड्याचा घोटा धरलेला. हरलो आपण. लोक अजून म्हणतात, गर्दीत कुणाचा हात होता कळलं नाही. माझा होता. तुझ्या आईलासुद्धा कधी बोललो नाही."

रत्नदीपने तोंड मिटलं.

"दुखतोय?"

"हो पप्पा. तिथेच."

चादर नीट करायला वाकलेल्या रचनाच्या हाताला गुडघा लागला. तिने दादाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बंटीने व्हिडिओ पाठवलेला, शेवटच्या पकडीचा. रामाने फोन हातात घेतला, चष्मा वर केला. मग परत लावायला सांगितला. मग परत.

"हा अठ्ठ्याऐंशी कोण रे?"

"आहे एक. आमच्याकडे कुठेही खेळतो."

"याला म्हणतात घोट्याची पकड. बोटं बघ कशी अडकवलीत. कुणीतरी मन लावून शिकवलंय पोराला." रामाने पोराच्या धडधाकट खांद्यावर थोपटलं. "तू पण शीक जरा त्याच्याकडून. बाप आलेला का त्याचा बघायला?"

"आलेला, पप्पा. पण लवकर निघाला."

"असतात असे पण," रामा म्हणाला, आणि वाटीतलं तेल पुन्हा बोटावर घेतलं.