पट्ट्यांची पिल्लं

अणशी गावात डुक्कर पाळणारी फुला एकटीच. लोक नाक मुरडायचे, आणि शिकारीचं रानडुक्कर शिजलं की वाटी घेऊन तेच सगळ्यांत पुढं. फुलानं कधी कुणाची पर्वा केली नाही. सरकारनं डोंगरावरची, रान जाळून करायची कुमरीची शेती बंद केली, नवरा तापानं गेला, आणि मागं उरलं भाताचं एक खाचर आणि बाजारातून आणलेली ही काळी डुकरीण. दिवसभर रानात चरायची, दिवेलागणीला फुलाच्या हाकेसरशी परत यायची.

त्या वर्षी ती गोठ्यात व्याली. पाच पिल्लं, पाचांच्याही पाठीवर रानडुकराच्या पिल्लांसारखे पिवळे पट्टे. बाप कोण हे सांगायला जोशी नको होता.

पण सरकारी जंगलाचा गार्ड नागू आला आणि म्हणाला, पट्टे म्हणजे रानाचं जनावर, रानाचं म्हणजे सरकारचं. फुलानं सांगितलं की पिल्लं माझ्या गोठ्यात जन्मली, आईला पेज मी घातली. तो ऐकेना. शेजारची रुक्मा कानाशी लागली, देऊन टाक बाई, सरकारशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? फुला तिच्यावरच उखडली.

"बाप सरकारचा म्हणतोस," ती नागूला म्हणाली, "मग गेल्या सुगीला त्यानं माझं भात तुडवलं, ते सरकारनंच व्हय?"

नागूनं पिल्लं डालग्यात घातली आणि निघाला. पिल्लं किंचाळली. डुकरिणीनं दावं तोडलं. वेशीपर्यंत पोचायच्या आत नागू डालग्यासकट फणसावर होता आणि खाली डुकरीण बुंध्याला धडका देत होती.

फुला सावकाश आली, समोरच्या धोंड्यावर बसली. सारा गाव जमला. हिला आवर, म्हणून नागू गयावया करू लागला.

"ही माझी हाय, म्हणून माझं ऐकती. डालग्यातली कुणाची, ते तू सांग. सरकारची असली तर सरकारला हाक मार."

डुकरिणीनं आणखी एक धडक दिली. मग फणसावरून पुटपुटल्यासारखं आलं, "तुझी."

"मोठ्यानं बोल. मागच्यांस्नी ऐकू येत न्हाई."

"तुझी हायत, बाई. तुझीच."

फुलानं एक हाक मारली. डुकरीण वळली आणि तिच्या पायाशी येऊन उभी राहिली. नागू उतरला, डालगं खाली ठेवलं, पागोटं झटकलं. जमीन पायाखाली आल्यावर त्याला पुन्हा सरकार आठवलं. साहेबाला सगळं सांगतो, म्हणाला.

"सांग की," फुला म्हणाली. "कुठं बसून काय बोललास, ते बी सांग."