वर जाणारा धूर

जामबागेत, आमच्या जुन्या मोहल्ल्यात, मला कधी धड सिगारेट ओढता आली नाही. पानडब्ब्यावर उभा राहिलो की कोणीतरी हटकायचं, "क्या भगवंतराव, फिर चालू?" घरी पोचायच्या आत बायकोला, भामाला, बातमी लागलेली असायची. नुसता वैताग.

तिथलं घर विकून आम्ही या टॉवरमध्ये आलो आणि वर्षाच्या आत भामा गेली. इथे लिफ्टमध्ये माणसं मोबाइलकडे बघतात. मी या खोलीतून त्या खोलीत फिरतो, बाल्कनीत जातो, सिगारेट पेटवतो. पाकीट संपतं. कोणी एका शब्दाने बोलत नाही.

काल बेल वाजली. दारात कपाळाला आठ्या घातलेला एक तरुण. पाटीवरचं नाव वाचून तो मराठीतच म्हणाला, "काका, मी वरच्या मजल्यावरचा तेजस. तुमचा धूर आमच्या घरात येतो. किती ओढता?"

मी त्याला बसवलं, चहा केला. बराच वेळ बोललो. जाताना त्याने माझ्याकडून सिगारेट सोडायचा शब्द घेतला.

आज सकाळपासून तलफ नाही. पण बेलही वाजली नाही. संध्याकाळी बाल्कनीत जाऊन मी सिगारेट पेटवली, ओढली नाही, नुसती कठड्याबाहेर धरली आणि धूर वर जातोय ना, ते बघत उभा राहिलो.