मागच्या बाकालगतची भिंत

मोठे सर, तुम्हाला माहीत होतं. नाही म्हणू नका. माहीत नव्हतं, तर वर्गातली तेवढी एकच भिंत दर सुट्टीत का रंगवता?

माझ्या भाचीला आम्ही घरी रेडिओ म्हणतो. सकाळी डोळे उघडले की सुरू. तुमच्या शाळेत मात्र रेडिओ मुका झाला. चाचणीत गणितात घसरली, तेव्हा तुमच्या शिरस्त्याप्रमाणे तिला मागच्या बाकावर, भिंतीला लागून बसवलं. कच्ची मुलं मागे, म्हणजे हुशारांना त्रास नको. तिथून ती घसरतच गेली. वर्गात डोकं बाकावर, घरी आली की ओकाऱ्या. सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत. माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून तीच गणितं बडबडत सोडवायची.

"सुट्टीला बरी, शाळेला आजारी," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "नाटकं ओळखते मी."

तुम्ही तिच्या आईला बोलावलंत. ताईची दवाखान्यात ड्युटी, म्हणून मी आले.

"आठवडाभर पोरीशेजारी बसा," तुम्ही म्हणालात. "लक्ष द्यायला लावा. तरी सुधारली नाही, तर दाखला घेऊन जा."

बसले. गुडघे पोटात घालून.

"मावशी, तू पण ढ?" रेडिओ कुजबुजली. पुढची पोरं फिदीफिदी हसली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी ती वर्गात काहीतरी बोलली होती.

मग रोजच्यासारखी वीज गेली. भिंतीपलीकडे जनरेटर धडधडायला लागला. तुमच्या केबिनमधला एसी बंद पडू नये ना! आवाज नको म्हणून बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि अपूर्णांक शिकवायला घेतले. मला वाटलं, बरं शिकवते की ही. आणि फळा हळूहळू लांब जायला लागला. कानशिलं ठणकू लागली, पापण्या मिटायला लागल्या. मी काही झोपमोड झालेली बाई नव्हते. चांगली चहा पिऊन आले होते.

रेडिओने बाकावर गाल टेकला होता.

"काय गं होतंय?"

"रोजचंच आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "तू पण टेक डोकं, मावशी. मग काहीच वाटत नाही."

काहीच वाटत नाही! मी ताडकन मागे वळले. बाकामागे पाढ्यांचा तक्ता टांगलेला होता. तो उचलून पाहिला. खाली भेग, आणि तुमच्या नव्याकोऱ्या रंगावर भेगेभोवती काजळी. हात लावला तर भिंत गरम. पलीकडून धुराचा पाइप गेलेला.

तिला काखेत धरून ओढतच बाहेर काढलं. "अहो, तास चालू आहे!" बाई ओरडत होत्या. पायऱ्यांवर पोर भडाभडा ओकली. तुम्ही केबिनच्या दारात येऊन उभे राहिलात. आतली थंड हवा माझ्या पायांना लागत होती.

"भिंतीचं बघू," तुम्ही म्हणालात. "पण मुळात मुलीला अभ्यासाची आवड नाही."

ताईच्या दवाखान्यात रक्त तपासलं. धूर भिनलाय, डॉक्टर म्हणाले. अजून थोडे दिवस तिथे बसली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी ताईसमोर बोलायचं टाळलं.

आता रेडिओ घरी आहे. बोलते. पण मधेच थांबते, शब्द शोधते, माझ्याकडे बघत राहते. मी शब्द दिला की पुढे जाते. कधी जात नाही.

काल तिचं दप्तर न्यायला आले. जनरेटर चालू होता, खिडक्या बंद होत्या. काचेला डोळे लावले. मागचा बाक रिकामा नव्हता. पाढ्यांच्या तक्त्याखाली दोन वेण्या, आणि बाकावर टेकलेला गाल. मी काच बडवली, घसा फुटेपर्यंत ओरडले. वॉचमनने मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. मागे वळून पाहिलं, ते डोकं वर झालं नव्हतं.

ती कोणाची मुलगी आहे, सर? तिच्या आईला तुम्ही काय सांगितलंत, की पोरीचं लक्ष नसतं?