दम घेण्याची जागा

"अब्बा, फिर से. मोटी तार."

हैदरने गिटारची सहावी तार छेडली. समोरच्या स्पीकरमधून क्लॅरिनेटचा सूर आला, पण किंचित उशिरा, आणि शेवटाला बकरीसारखा चिरकला.

"पट्टी जवळ झाली," हैदर म्हणाला. "फिलर गेज दे."

बाप-लेकीचं घरातलं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. गुलनाजने दुकानातल्या पेटीतून पात्यांचं गेज काढून दिलं. हैदरने शेवटच्या घरावर तार दाबली, तिच्याखाली पातं सरकवलं आणि बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला. तार आणि पट्टी यांच्यात एक मिलिमीटर अंतर. सहा तारा, सहा वेळा. बत्तीस वर्षं मोटरी भरणाऱ्या माणसाचा अंदाजावर विश्वास नसतो.

नांदुऱ्यात स्टेशन रोडवर त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. लग्नसराईत तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडून नऊ वर्षं झाली होती. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला गिटारमधून क्लॅरिनेट काढायचं होतं.

त्यासाठी दोन रस्ते होते. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या गुलनाजचं मत होतं की साधी गिटार लॅपटॉपला जोडावी, सूर ओळखायचं काम प्रोग्राम करेल. तो प्रकार त्यांनी पंधरा दिवस करून पाहिला. मध्येच न वाजवलेले सूर उमटत. दुसरा रस्ता म्हणजे ही पट्टी. ती गिटारच्या घोडीजवळ बसते, सहा तारा वेगवेगळ्या ऐकते आणि जाड केबलमधून एका डब्याला कळवते. तारेवर कोणता सूर वाजला हे डबा ओळखतो आणि तोच सूर सांगाल त्या वाद्याच्या आवाजात काढतो. अकोल्याच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडे असा जुना संच होता. पट्टीच्या आत सहा बारीक कॉइल आहेत हे कळल्यावर हैदरने दुसरं काही न विचारता तो विकत घेतला.

"कॉइल समजते मले," तो म्हणाला. "बिघडली तर खोलता येते."

जाड तारेचा सूर ओळखायला डब्याला वेळ लागतो, हे दोघांना आठवड्याभरात कळलं. मग गुलनाजने डब्यात सूर एक सप्तक खाली उतरवले आणि हैदरने सगळं गाणं वरच्या तीन बारीक तारांवर बसवलं. उशीर कमी झाला. पुरता गेला नाही.

गाणं शालिग्रामचं होतं.

शालिग्राम जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचा आणि ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचा. मुलीच्या, सुवर्णाच्या पाठवणीला त्याने एक धून स्वतः बसवली होती. तिला नाव नव्हतं. लोक 'सुवर्णाचं' म्हणत. पुढे धाडपासून बीबीपर्यंत ज्या गावच्या लग्नात ऑर्केस्ट्रा असे, तिथे पाठवणीच्या वेळी ती मागितली जाई. सुवर्णाची मुलगी छकुली लहान असताना शालिग्रामने तिला शब्द दिला होता, तुझ्याही लग्नात वाजवीन. छकुलीचं लग्न ठरलं, पत्रिकेवर तिचं करिष्मा हे नाव आलं, आणि त्याआधीच, दिवाळीत, शालिग्रामच्या तोंडावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोटं शाबूत राहिली. उजवीकडून ओठ मात्र बंद होईनात.

एका रविवारी सकाळी हैदर आणि गुलनाज ऑटोत सगळं सामान घालून त्याच्या घरी गेले. शालिग्राम टिनाच्या सावलीत खाटेवर बसला होता.

"ये बे हैदर. कोनाची मोटर उचलून आनली?"

"मोटर नाही शालिग्रामभाऊ. तुमचं क्लॅरोनेट हाय."

"माहं तर पलंगाखाली हाय. तोंडावरून वारं गेलं माह्या, त्याच्यात कोठून घालू?" तो हसला. चेहऱ्याची एकच बाजू हसली.

गुलनाजने वायरी जोडल्या. हैदरने डोळे मिटले आणि सुवर्णाचं गाणं सुरू केलं. एकही सूर चिरकला नाही.

सुभद्राबाई पिठाच्या हातांनी घरातून बाहेर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हैदरच्या हातांकडे. आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"बंद कर बे," शालिग्राम म्हणाला.

हैदरचा हात थांबला.

"काऊन? सूर चुकला?"

"सूर बराबर हाय. कडवं पुरं झालं अन् दम एकदा बी नाही घेतला तू. मले ऐकता ऐकता धाप लागली. असा वाजवनारा मरून जाईन ना."

"मशीन हाय भाऊ. तिले दम कायले लागते?"

"मंग तिले म्हना, तिचं गानं वाजव. हे माहं व्हय."

"अवो, आवाज तर तुमचाच हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "पोरीले बरं वाटंन."

"तू बैस व. डीजेवाल्याले सांगा, काय लावाचं थे लावू दे. हे नाही वाजलं पाह्यजे माह्या दारात."

हैदरने केबल गुंडाळली. सुभद्राबाईंनी चहा आणला, तो त्याने उभ्यानेच घेतला.

दोघं ऑटोने घरी परतले. जेवण झाल्यावर गुलनाजने लॅपटॉप उघडला. सुवर्णाच्या लग्नाची कॅसेट तिने मागेच त्यात उतरवून ठेवली होती. आवाज पडद्यावर डोंगर-दऱ्यांसारखा दिसत होता.

"काका सांस कहाँ लेते, वो देखते हैं," ती म्हणाली. "वहाँ जगह खाली दिखेगी."

रिकामी जागा कुठेच दिसली नाही. क्लॅरिनेट थांबे तिथे दुसरंच काही वाजत होतं. गुलनाजने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. झ्रांग. गिटारची एक झटक्याची लकेर, आणि मग पुन्हा क्लॅरिनेट.

"ये तो आप हो, अब्बा."

हैदर पडद्याकडे पाहत राहिला. त्या जागा त्याला पाठ होत्या. पंचवीस वर्षं त्या त्याच्याच होत्या. शालिग्रामचे खांदे वर गेले की हैदरचा हात खाली यायचा. कुणी त्याला तसं शिकवलं नव्हतं. शालिग्राम तिथे दम घेतो, असा विचारही त्याने कधी केला नव्हता. माझी जागा आली, एवढंच त्याला ठाऊक होतं. आता क्लॅरिनेट त्याच्या हातात आलं होतं आणि गिटारच्या जागी कुणीच नव्हतं, म्हणून त्याने त्या जागा सरळ बुजवून टाकल्या होत्या.

"पट्टीवर खटका हाय," गुलनाज म्हणाली. "इकडं क्लॅरोनेट, तिकडं गिटार. त्या जागी खटका पाडा, आपली लकेर वाजवा, परत पाडा."

त्याने दोन दिवस ते करून पाहिलं. खटका पडेपर्यंत जागा निघून जाई.

"राहू दे," तो म्हणाला. "जागा खाली सोडतो."

पुढचे दहा दिवस दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो सराव करत होता. तोंडाने दम घ्यायचा आणि घेताना हात तारेवरून उचलायचा. दम संपेल तिथेच ओळ तोडायची. शालिग्रामची छाती मोठी होती. त्याच्या ओळींना हैदरचा दम पुरत नसे. तो लाल व्हायचा, खोकायचा. समोरचा चहावाला एकदा शटरखालून डोकावला.

"हैदरचाचा, दमा झाला काय?"

"शिकून राह्यलो," हैदर म्हणाला.

लग्न वैशाखात झालं, शालिग्रामच्याच घरासमोरच्या मांडवात. पाच वाजले तरी ऊन होतं. पाठवणीची गाडी फुलं लावून उभी होती. डीजेवाल्याचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. शालिग्राम पहिल्या रांगेत खुर्चीवर, नवं धोतर नेसून, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून बसला होता. हैदर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. गिटार खांद्याला, डबा गुलनाजच्या हातात.

"वाजवू काय भाऊ?"

शालिग्रामने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. छकुली सुवर्णाच्या गळ्यात पडली होती.

"दम घेशीन?"

"घेईन."

"माह्याकडं पाहून वाजव मंग. डोये नको मिटू."

डीजे बंद झाला. हैदर हात तारेवर ठेवून थांबला. शालिग्रामचे खांदे वर गेले, तेव्हा त्यानेही दम घेतला.

पहिली ओळ निघाली. मांडवातल्या जुन्या बायांनी माना वळवल्या. सुभद्राबाई छकुलीच्या पाठीवर हात ठेवून होत्या, तो हात तिथेच थांबला. ओळ संपली, हैदरने हात उचलला आणि जागा रिकामी सोडली. त्या जागेत शालिग्रामचा श्वास ऐकू आला. वाकड्या ओठांतून, शीळ घातल्यासारखा. हैदर त्याच्यासाठी थांबला. श्वास पुरा झाल्यावर दुसरी ओळ सुरू झाली.

शालिग्रामची दोन्ही हातांची बोटं काठीवर उतरली होती. एकेक उठत होतं, एकेक टेकत होतं. डब्याचा उशीर अजून होताच. आधी बोट उठे, मग सूर येई.

छकुली आजोबांच्या पाया पडली आणि तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात चालू होते म्हणून शालिग्रामला तिच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही. त्याने मान तेवढी हलवली. ती गाडीत बसली.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत धून पुरली. शेवटचा सूर हैदरने लांब धरला, शालिग्रामचे खांदे खाली येईपर्यंत. मग मांडवात खुर्च्या सरकल्या. गुलनाज वायरी काढायला लागली.

"तिसऱ्या ओळीत घाई केली तू," शालिग्राम म्हणाला.

"हाव भाऊ."

"पह्यलेपासूनच करतं तिथं."

त्याने खिशातून दस्ती काढली, आधी स्वतःचा ओठ पुसला, आणि मग काठीचं वरचं टोक, चारही बाजूंनी, सावकाश, क्लॅरिनेट पेटीत ठेवण्याआधी पुसावं तसं.