त्याच्या मानेवरचा वास

मी एक सेंटची बाटली बोलतेय. माझ्यावर 'अंबर कोलोन' असं छापलंय, पण या घरात मला नुसतं सेंटच म्हणतात.

माझा स्वभाव आधीच सांगते. उडवल्या उडवल्या मी नाकाला झोंबते. घाईच्या माणसाला मी आवडत नाही. अंगाची ऊब लागली की मग हळूहळू गोड होते, झाडाच्या डिंकासारखी, आणि संध्याकाळपर्यंत टिकते. उन्हाळ्यात मात्र एकच फवारा पुरे, नाहीतर शेजारच्याचं डोकं उठतं.

मला आणलं या घरातल्या बाईच्या नवऱ्याने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर निघताना मला मानेला लावायचा.

ती म्हणायची, "लिफ्ट बघायला चाललात की मुलगी बघायला?"

"नुसता ग्रीसचा वास घेऊन आलो तर तुझी लेक जवळ येते का?"

लेक अडीच वर्षांची. तो आला की त्याच्या मानेत नाक खुपसून झोपायची. तिथे मी असायचे, ग्रीस असायचं, त्याचा घाम असायचा.

मग त्याला ताप आला, ताप छातीत उतरला, आणि तो दवाखान्यातून परत आलाच नाही. ती मुळातच काळजीखोर. पोरीला काही होऊ नये म्हणून तिने त्याचे सगळे कपडे, उशीचा अभ्रासुद्धा, उकळत्या पाण्यात औषध टाकून धुतले.

सासू म्हणाली, "एखादा शर्ट तरी तसाच ठेवायचास गं."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. दोरीवरचा एकेक शर्ट तिने नाकाला लावून पाहिला. सगळ्यांना साबणाचाच वास.

पोरगी झोपेना. रडून रडून तिचा घसा बसला. म्हणून आईने त्याच्या शर्टावर मला फवारलं आणि तो पोरीजवळ ठेवला. पोरीने हुंगला आणि ढकलून दिला.

"बाबा नाही."

"बाबाच आहे बाळा, नीट बघ ना." तिने आणखी फवारलं. पोरीला ठसका लागला.

बाई गं, कापडाला ऊब नसते. आणि मी एकटी म्हणजे तो नव्हे.

काल तिने मला स्वतःच्या मानेला लावलं, तो लावायचा तिथेच. भांडी घासून होईपर्यंत अंगाच्या उबेने मी गोड झाले. पोरगी आली, मांडीवर चढली, मानेत नाक घालून बराच वेळ वास घेत राहिली.

"आई," म्हणाली, आणि झोपली.

आई हलली नाही. पोरगी झोपली म्हणून तिला बरं वाटलं, आणि बाबा म्हणाली नाही म्हणून रडू आलं.

माझे आता थोडेच फवारे उरलेत. जपून ठेवू नकोस, पोरीसाठी लाव. त्याला परत आणणं मला जमलं नाही, बाई. ते तुलाही जमण्यासारखं नव्हतं.