वर्नाबाईंची काठी आणि माझं छप्पर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जन्म एकोणीसशे एकतीसचा, दारं दोन आणि स्वभाव संशयी. माझ्याकडे कोणी हसत हसत यायला लागलं की त्याच्या हातात काय आहे ते मी आधी बघते. असा स्वभाव का झाला, तेच आज सांगायला बसले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. कॅलिफोर्नियात टॅफ्ट नावाचं तेलविहिरींचं गाव आहे, तिथल्या ऑर्विल टिबेटने मला घेतलं. ऑर्विल विहिरीवर मुकादम होता. सव्वासहा फूट उंच, आणि डोक्यावर सदानकदा फेल्टची टोपी. ती फक्त चर्चमध्ये आणि जेवताना उतरायची. शेजारच्या सीटवर त्याची बायको वर्नाबाई. गाडी सुरू झाली की बाईंचं तोंडही सुरू व्हायचं.

"अरे ऑर्विल, टोपी काढ! छताच्या कापडाला डोक्याचं तेल लागतंय."

"काढतो, काढतो," असं ऑर्विल म्हणायचा आणि काढायचा नाही. मग बाई आपल्या जागेवरून हात लांबवून त्याची टोपी मागे सरकवायच्या. एकोणीस वर्षं हे असंच चाललं. मी त्या दोघांना चर्चला नेलं, जत्रेला नेलं, विहिरीवरच्या चिखलातून बाहेर काढलं. टिबेटची गाडी रस्त्यात कधी बसत नाही, असं गावात म्हणायचे. ते ऐकून मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग ऑर्विल गेला. मला मागच्या शेडमध्ये ढकललं आणि दार लावून घेतलं. चार वर्षं, मित्रांनो! कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. मला कोणी विचारलं का? वर्नाबाई रोज सकाळी खिडकीतून हात घालून अंडी उचलायच्या, पण आत कधी बसल्या नाहीत, वर कधी पाहिलं नाही. मला वाटलं, ही बाई मला विसरली.

आणि एक दिवस लेलंड स्टोक्स आला. दोन घरं सोडून राहणारा, पस्तिशीचा, पाइपांच्या यार्डात वेल्डिंग करणारा. पूर्वी ऑर्विलच्या हाताखाली होता. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, माझं बॉनेट उघडलं आणि शीळ घातली. त्या शिळेचाच मला संशय आला.

त्याला माझी हॉट रॉड करायची होती. तिथल्या लोकांना त्याचं भारी वेड. घरच्या गॅरेजात जुन्या गाडीचे मडगार्ड काढायचे, भंगारातलं मोठं इंजिन तिच्या पोटात बसवायचं, गाडी जमिनीलगत आणायची आणि मे महिन्यात कोरड्या तळ्याच्या सपाट मैदानावर नेऊन किती पळते ते बघायचं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण हे लोक छप्परसुद्धा कापतात! खिडक्यांचे खांब चार बोटं कापून टाकायचे आणि छत खाली आणून पुन्हा जोडायचं. म्हणे गाडी रुबाबदार दिसते. ऐकूनच माझ्या पत्र्यावर काटा आला.

"ने गाडी," वर्नाबाई म्हणाल्या. "पण छप्पर कापायचं नाही."

"का बरं, बाई?"

"का म्हणजे? पाऊस आत येतो."

टॅफ्टला पाऊस वर्षातून चार दिवस पडत असेल नसेल. बाईंनी काहीतरी लपवलं होतं. लेलंडने लगेच मान डोलावली, तर तेही मला खरं वाटेना. बाईंनाही वाटलं नसावं. त्या परसात गेल्या आणि कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची लांब काठी घेऊन आल्या. ती माझ्या दाराशी उभी केली आणि बरोबर छताच्या उंचीवर लोकरीचा लाल दोरा गच्च बांधला.

"मी दर रविवारी मोजणार. मालकीचा कागद माझ्याकडेच राहील. गाडी पुरी झाली आणि छप्पर जागेवर असलं, तर सही करून देईन. नाहीतर गाडी परत शेडमध्ये."

परत कोंबड्या! मी मनात म्हटलं, बाई, काठी सोडू नका.

लेलंडने मला गॅरेजात ओंडक्यांवर चढवलं आणि उस्तवारी सुरू केली. मडगार्ड गेले. ते गेले तेव्हा लाजच वाटली. माझं इंजिन उतरवून आठ सिलिंडरचं बसवलं. माणूस कामाला पक्का होता, तेवढं कबूल करते. जिथे गंज होता तिथे घासायचा आणि जिथे नव्हता तिथे हात लावायचा नाही. रविवारी चर्च सुटलं की बाई काठी घेऊन हजर.

"अजून ओंडक्यांवरच आहे, बाई. आत्ता मोजून काय कळणार?"

"मला काय कळतं ते मी बघेन," असं म्हणून त्या खिडक्यांचे खांब बोटांनी चाचपून जायच्या.

त्यातच लेलंडचा मित्र चेट यायला लागला. हा चेट काम कमी करायचा आणि तोंड जास्त वाजवायचा.

"हे एवढं उंच छप्पर घेऊन तळ्यावर जाणार तू? लोक म्हणतील, आजीबाईंना फिरायला आणलंय. काप रे! एकदा कापलं की म्हातारी काय करणार?"

आणि मित्रांनो, एका शनिवारी दुपारी लेलंडने खडू घेतला. माझ्या चारही खांबांवर चार-चार बोटांच्या रेघा मारल्या आणि करवत काढली. मला ओरडता येत नाही म्हणून, नाहीतर सगळी आळी गोळा केली असती! वेल्डिंगने कापड पेटू नये म्हणून आधी छताचं कापड काढायचं होतं. तो आत शिरला, कात्री वर नेली, आणि थांबला.



"काय झालं?" चेटने बाहेरून विचारलं.

"ऑर्विलची टोपी," लेलंड म्हणाला. "बघ, इथे घासायची. डाग पडलाय."

"मग? पुसून टाक."

"चेट, तू घरी जा."

त्याने ओल्या फडक्याने रेघा पुसल्या. पण त्या दिवसापासून माझा संशय उलट वाढला. हा माणूस गप्प झाला होता. गाडी खाली तर आणायची होती, म्हणून त्याने पुढचा ॲक्सल बदलून वाकवलेला बसवला आणि मागची चासी, म्हणजे माझा खालचा सांगाडा, चाकांपाशी कापून वर उचलून जोडली. चाकं वर गेली, मी खाली बसले. माझ्या छपराला मात्र ओरखडासुद्धा नाही. हे बाईंना त्याने आधी सांगायला नको होतं का? पण सांगायचं तर खडूचंही सांगावं लागलं असतं. त्याची जीभ काही रेटेना.

तळ्यावर जायला आठवडा उरला होता. त्या रविवारी मी पहिल्यांदाच चाकांवर उभी होते. वर्नाबाईंनी काठी लावली. लाल दोरा माझ्या छताच्या वर चार बोटं उभा होता.

 बाईंनी खांबावरून बोट फिरवलं. खिडकीच्या खाचेत पांढरी पूड राहिली होती. ती बोटावर घेऊन त्यांनी लेलंडसमोर धरली.

"हे काय?"

"बाई, छप्पर कापलेलं नाही. चाकं वर घेतली आहेत, म्हणून..."

"हा खडू आहे ना?"

लेलंडचा चेहरा पडला. "हो. रेघा मारल्या होत्या मी. एकदा."

"ऑर्विल तुला सज्जन म्हणायचा रे! काठीचं खोटं आणि तुझं खरं, होय? उद्या माणूस पाठवते. गाडी शेडमध्ये जाईल."

मी पार खचले. इतके दिवस त्याच्यावर संशय घेतला तो मीच, आणि आता तो खरं बोलत होता, तर साक्षीला मी एकटी, आणि मला तोंड नाही!

जाता जाता बाईंनी माझं दार उघडलं. शेवटचं बघून घ्यावं म्हणून असेल. आपल्या जुन्या जागेवर बसल्या. आत सगळं नवं होतं, सीटला लाल कापड, दारांना लाल कापड, वर छतालाही लाल. फक्त ड्रायव्हरच्या डोक्यावर बशीएवढा जुना राखाडी तुकडा होता, मध्यभागी तेलकट, काळपट. लेलंडने त्याच्या कडेने बारीक टाके घालून तो तस्साच ठेवला होता.

बाईंनी त्या डागाकडे हात लांबवला, एकोणीस वर्षं लांबवायच्या तसाच. नेमकी बोटांची टोकंच तिथे पोचली, पूर्वी पोचायची तशीच. छप्पर चार बोटं खाली आलं असतं, तर अख्खा तळवा टेकला असता. हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही.

त्या तशाच बसून राहिल्या, हात वर धरून. रडल्या. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि काठीचा लाल दोरा सोडू लागल्या. गाठ सुटेना, तेव्हा लेलंडने सोडून दिली.

"सांगायचं नाही का रे, गाढवा?"

"लाज वाटली, बाई. रेघा मारल्याच होत्या ना."

"कागद बिस्किटांच्या डब्यात आहे. चल, सही करून देते." दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "आणि हे बघ, गाडी चालवताना टोपी घालत जा."

लेलंड बुटका. त्याची टोपी त्या डागाला काही पोचायची नाही. तरी तो घालायचा. तळ्यावर गेलो तेव्हाही घातली होती, आणि पहिल्याच सपाट्यात ती खिडकीतून उडाली.

आता मी फार म्हातारी झाले आहे. प्रदर्शनात उभी असते. माणसं येतात, पत्र्यावर टकटक करतात, लोहचुंबक लावून बघतात, पत्र्याऐवजी पुट्टी भरून कुठे काय लपवलंय ते शोधतात. शोधू देत. संशयी माणसांचा मला राग येत नाही, मी त्यांच्यातलीच. पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमच्या घरातली जुनी वस्तू नवी करायला निघालात, तर हत्यार उचलण्याआधी तिच्यात थोडा वेळ बसा. आणि एखादा डाग दिसला, तर पुसण्याआधी तो कोणाचा आहे ते घरात विचारून घ्या.