निळ्या पडद्याची सुनावणी

हिवाळा ओसरत असताना, एका शुक्रवारी, दुपारची जेवणे आटोपल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत एका घरगुती संगणकाची सुनावणी सुरू झाली. पीठासनावर, म्हणजे चाकांच्या खुर्चीवर, घरधनी बसले होते. ते निवृत्त न्यायाधीश होते. मात्र त्यांची निवृत्ती नोकरीपुरती होती, निवाडे देणे त्यांनी सोडलेले नव्हते.

आरोप साधा होता. सोमवारपासून संगणक चालू केला की पंखा घरघरे, दिवा लागे आणि नेहमीच्या चित्राऐवजी एक निळा पडदा समोर येई. त्यावर तारीख, वेळ आणि यंत्राच्या अंगोपांगांची नावे शिस्तीत मांडलेली असत. त्यातून बाहेर पडण्याचा हुकूम दिला, तर यंत्र आज्ञाधारकपणे बंद होई, पुन्हा सुरू होई आणि पुन्हा त्याच निळ्या पडद्यावर येऊन बसे. न्यायाधीशांना ही जात ओळखीची होती. असे आरोपी नाव, वय, पत्ता घडाघडा सांगतात. घटनेविषयी विचारले की पुन्हा नाव, वय, पत्ता.

या आरोपीच्या पोटात बायकोचे पुस्तक होते. एका जाडजूड परदेशी कादंबरीचा अनुवाद तिने कित्येक वर्षे खपून पुरा केला होता आणि सुधारलेले शेवटचे प्रकरण आज संध्याकाळी प्रकाशकांच्या कचेरीला कुलूप लागण्यापूर्वी पोचायला हवे होते. नाही पोचले, तर पुस्तक यंदाच्या यादीतून गळणार होते. दुरुस्तीवाला मात्र सोमवारी उगवणार होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. कारण एकाच मजकुराच्या दोन प्रती ठेवणे म्हणजे भांडणाला आवतण देणे, असा न्यायाधीशांचा दंडक होता आणि तो त्यांनी याच घरात, याच टेबलापाशी, विरोधी मत ऐकून घेऊन, जारी केला होता. त्यामुळे या यंत्राला बोलते करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. सांगितले मात्र दोघांनी.

दोघांपैकी एक अर्थातच बायको. दुसरे तिचे धाकटे भाऊ, म्हणजे न्यायाधीशांचे मेहुणे. ते दातांचे डॉक्टर होते आणि दुपारी दवाखाना बंद असला की बहिणीकडे चहाला येत.

"भाऊजी, आता कोणाला पिंजऱ्यात उभं केलंय?" दाराशी चपला काढत त्यांनी विचारले.

"माऊसला," न्यायाधीश म्हणाले. "आणि चहा हवा असेल तर मध्ये बोलू नका."

त्यांची पद्धत काटेकोर होती. एकेक संशयित सुटा करायचा, मऊ फडक्याने पुसायचा, पुन्हा जोडायचा. त्यानंतर, यंत्र चालू करण्याआधी, टेबलावरची प्रत्येक वस्तू जैसे थे ठेवायची. दौत इथे, चष्म्याचे घर तिथे, टेबलदिवा या कोनात. परिस्थिती बदलली की पुराव्याला अर्थ राहत नाही, हे त्यांनी आयुष्यभर वकिलांना बजावले होते. यंत्राला सवलत का द्यावी? टेबलाच्या उजव्या अंगाला, कळफलकाला खेटून, एक लाकडी घडवंची उभी होती आणि तिच्यावर मोठा शब्दकोश उघडा पहुडलेला होता. कोशात डोकावून बायकोची मान अवघडते म्हणून न्यायाधीशांनी ती रविवारी स्वतःच्या हातांनी, करवत आणि बोट दोन्ही सांभाळत, तयार केली होती. प्रत्येक तपासणीनंतर तीही जागेवर जाई. कोश उघडा, पान तेच.

"अहो, तुम्ही टेबल मांडताय की संगणक दुरुस्त करताय?" बायको म्हणाली.

"दोन्ही एकच असतं."

"माझ्याकडेही एकदा असा एक जण आला होता," मेहुणे चहा फुंकत म्हणाले. "म्हणाला, नक्की कुठला दात दुखतोय ते कळत नाही, तर एकेक काढून बघा. न्यायखात्यातलाच असावा."

"काढून परत बसवलेत की नाही?"

"तो परत आलाच नाही, भाऊजी."

माऊस निर्दोष सुटला. मग पडद्याची तार, मग संगणकाच्या डब्यामागची तारांची सगळी भेंडोळी. निळा पडदा दर वेळी तसाच, अगदी शांत. खिडकीतले ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढले तशी बायकोची थट्टा आटली. ती उठली, कागद घेतले आणि घडवंचीवरचा कोश उचलून छातीशी धरला.

"अगं, तो हलवू नकोस. पुरावा..."

"मी बाहेर बसून शेवटचं प्रकरण हाताने लिहिते. आठवेल तेवढं. निदान काहीतरी त्यांच्या हाती जाईल."

भर न्यायालयात वकिलांना गप्प करणारा हा माणूस त्या एका वाक्याने खाली बघू लागला. मग, काही तरी करायचे म्हणून, त्यांनी तार भिंतीतल्या एका सॉकेटातून काढून शेजारच्या सॉकेटात खोचली आणि बटण दाबले.

पंखा घरघरला. दिवा लागला. आणि नेहमीचे चित्र आले.

"सॉकेट," न्यायाधीश सावकाश म्हणाले, जणू हे नाव त्यांच्या मनात सोमवारपासूनच होते. "मी म्हणतच होतो."

"कधी?" मेहुण्यांनी विचारले.

बायको धावत आली. तिने प्रकरण उघडून शेवटच्या वाक्यापर्यंत पान खाली नेले; सगळे शाबूत होते. न्यायाधीशांनी तिच्या हातातून कोश हळूच घेतला आणि तेच पान उघडून घडवंचीवर मांडला. कामकाज संपले तरी जैसे थे म्हणजे जैसे थे.

पडद्यावर शेवटच्या वाक्यानंतरच्या पूर्णविरामाला एक भाऊ झाला. मग दुसरा. मग पूर्णविरामांची मुंग्यांसारखी रांग लागली आणि ओळी भरू लागल्या.

"अगं, इतके पूर्णविराम कशाला? एक पुरे होता."

"मी हातच लावलेला नाही." तिने दोन्ही हात वर केले.

मेहुणे वाकले. रुग्णाचा जबडा उघडून पाहावा तसे त्यांनी कोशाच्या पानांच्या सावलीत डोकावून पाहिले. घडवंचीचा पुढचा पाय कळफलकाच्या कोपऱ्यातल्या पूर्णविरामाच्या कळीवर टेकला होता. त्यांनी कोश दोन बोटांनी उचलला; मुंग्या थांबल्या. ठेवला, चालू लागल्या.

"पुन्हा करा," न्यायाधीश म्हणाले.

त्यांनी पुन्हा केले.

"कोश नसला की पाय हलका, असला की कळ दाबलेली," मेहुणे म्हणाले. "सुरू होतानाही तीच दाबलेली राहिली, आणि तेव्हा ती दाबली की यंत्र आपल्या आतल्या मांडणीचा पडदा उघडतं, म्हणून ते बिचारं दर वेळी निळा पडदा दाखवतंय. आणि तुम्ही दर वेळी कोश परत मांडताय."

"काटेकोरपणे," बायको म्हणाली. "दुपारपासून."

तिने घडवंची कोशासकट खिडकीत ठेवली, जादा पूर्णविराम पुसले, खरा तेवढा ठेवला आणि प्रकरण पाठवून दिले. पोचल्याचा निरोप आला तेव्हा भिंतीवरचे ऊन मावळत होते. न्यायाधीश अजून खुर्चीतच होते. त्यांनी सॉकेटाकडे पाहिले, मग घडवंचीकडे, मग रविवारी करवतीने कापलेल्या आपल्या बोटावरच्या पट्टीकडे.

"निकाल येऊ द्या, भाऊजी," मेहुणे म्हणाले.

"मला देता येणार नाही. या प्रकरणात मी पक्षकार आहे."

"आरोपी म्हणतात त्याला."

न्यायाधीशांनी हरकत घेतली नाही. बायकोने खिडकीतल्या घडवंचीच्या तासलेल्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली,

"संगणक निर्दोष आहे. घडवंची राहील, पण कळफलकापासून वीतभर लांब."